वर्षाचं धान्य भरताना: पोतं तपासण्यापासून कोठी बंद करेपर्यंत

जुलै संपत आला की घरोघर एकच प्रश्न सुरू होतो: "गव्हाला सोंडे लागलेत, आता त्यात काय टाकू?" तेव्हा टाकण्यासारखं फारसं काही राहिलेलं नसतं. कीड दिसते पावसाळ्यात, पण घरात ती बहुतेक वेळा मे महिन्यातच, दाण्याच्या पोटात बसून आलेली असते. सोंड्याची मादी दाण्याला बारीक भोक पाडते, आत अंडं घालते आणि भोक लिंपून टाकते. अळी आतच दाणा खात वाढते. उबदार हवेत महिना-सव्वा महिन्यात किडा दाणा पोखरून बाहेर येतो आणि लगेच पुढची पिढी सुरू होते. त्यामुळे आणलेला गहू डोळ्यांना लख्ख दिसला म्हणून तो निर्धोक ठरत नाही.

कोठीत कुठलं औषध टाकावं यावर लोक तासभर बोलतात. धान्य खरं टिकतं ते नीट वाळवल्यानं, गार करून भरल्यानं आणि कोठी कमीत कमी वेळा उघडल्यानं. यातलं एक जरी चुकलं तरी कडुलिंबाचा पाला किंवा एरंडेल ते भरून काढत नाही. पुढचे टप्पे आहेत त्याच क्रमानं करा. बहुतेक घरांत कामं सगळी होतात, पण उलटसुलट क्रमानं होतात आणि तिथेच बिघडतं.

टप्पा १: किती भरायचं, ते कागदावर

आई दोन पोती भरायची म्हणून आपणही दोन पोती, असं करू नका. तेव्हा घरात माणसं किती होती आणि आता किती आहेत ते बघा.

एक किलो कणकेच्या साधारण ३० ते ३५ घडीच्या पोळ्या होतात. चार माणसांच्या घरात दोन्ही वेळच्या मिळून रोज चौदा-पंधरा पोळ्या लागत असतील, तर दिवसाला साडेचारशे ग्रॅम, म्हणजे महिन्याला तेरा-चौदा किलो गहू. भाकरीचे दिवस, सुट्टीतलं गाव आणि बाहेरचं जेवण वजा केलं की वर्षाला दीड क्विंटलच्या आत काम भागतं. अंदाज करण्यापेक्षा एक महिना गिरणीत दळायला नेलेल्या डब्याचं वजन लिहून ठेवा. आकडा आपोआप मिळेल.

आता पैशाचं बोलू. समजा, किराणा दुकानात गहू ४४ रुपये किलो आहे आणि भुसार बाजारात तोच ३८ नं मिळतो. दीडशे किलोमागे ९०० रुपये वाचले. त्यातून टेम्पो आणि हमालीचे ३०० गेले, उरले ६००. त्यासाठी ५,७०० रुपये एकरकमी घातले. दहा किलो गहू जरी किडीनं गेला तरी ३८० रुपये गेले, म्हणजे निम्म्याहून जास्त बचत संपली. तेव्हा वर्षाचं धान्य भरल्यानं मोठी बचत होते हा समज सोडून द्या. खरा फायदा असा, की पोळी मनासारखी होणारा गहू वर्षभर तोच राहतो. हा फायदा मला मोठा वाटतो. पण ज्यांच्याकडे गच्ची नाही, दोनच माणसं आहेत आणि घर खाडीकाठच्या दमट इमारतीत आहे, त्यांनी तीन-तीन महिन्यांचं धान्य आणावं. त्यात काही कमीपणा नाही.

टप्पा २: काय, केव्हा

गहू मार्च-एप्रिलमध्ये निघतो. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापासून मेच्या मध्यापर्यंत खरेदी उरका. रोहिणी नक्षत्र लागल्यावर, म्हणजे २५ मेच्या सुमारास, खरेदीला निघालात तर वाळवायला दिवस मिळत नाहीत. मृगाच्या आत कोठ्या बंद झालेल्या असल्या पाहिजेत.

शरबती की लोकवन, हा ज्याच्या त्याच्या पोळीचा प्रश्न आहे. दीड क्विंटल उचलण्याआधी मात्र दोन किलो आणा, दळा, पोळ्या करा आणि दुपारी केलेली पोळी रात्री खाऊन बघा. गरम पोळी कुठल्याही गव्हाची मऊच लागते.

रब्बी ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये येते. मालदांडी घ्या किंवा दगडी, पण वर्षाची भरू नका, सहा महिन्यांची भरा. गव्हापेक्षा तिला कीड लवकर लागते, आणि जुनी झाली की पिठाची विरी जाते, भाकरी थापताना कडा फाटतात.

तांदूळ खरिपाचा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापणी झालेला तांदूळ मेपर्यंत सहा महिन्यांचा झालेला असतो आणि मोकळा शिजतो. त्यामुळे कोलम मेमध्ये भरायला हरकत नाही. इंद्रायणी, आंबेमोहोर हे मऊ-चिकट भाताचे तांदूळ. तेही जुने होतील तसे वेगळे शिजतात, म्हणून ज्यांना आसट भात हवा त्यांनी थोडा थोडा आणावा.

तूरडाळ सहा महिन्यांची चालेल. अख्खी कडधान्यं (मूग, मटकी, चवळी, हरभरा) मात्र दोन-तीन महिन्यांचीच. कडधान्यातला भुंगा अख्ख्या दाण्याच्या सालीवर अंडी चिकटवतो. मुगावर किंवा चवळीवर पांढरे ठिपके दिसतात ती अंडी असतात. डाळ भरडलेली आणि सोललेली असल्यानं या भुंग्याला तेवढी सोयीची नसते. म्हणून मूग वर्षाचे भरणाऱ्यांचे मूग दिवाळीपर्यंत भोकाळतात, आणि त्याच घरातली मूगडाळ बऱ्यापैकी राहते.

टप्पा ३: आधी कोठी, मग गहू

इथे सगळ्यात जास्त घाई होते. गहू दारात येतो, मग कोठी आठवते. ती संध्याकाळी धुतली जाते आणि दुसऱ्या दिवशी भरली जाते. सांध्यात अडकलेलं पाणी आतच राहतं. खरेदीच्या आठ दिवस आधी कोठी मोकळी करा.

जुना गहू उरला असेल तर काढून वेगळ्या डब्यात घ्या आणि तो आधी संपवा. कोठी उलटी करून ठोका, सांध्यांतून आणि झाकणाच्या पन्हाळीतून जुना ब्रश फिरवा. तिथे अडकलेल्या मूठभर पिठात आणि दाण्यांत गेल्या वर्षीची कीड जिवंत असते. कढत पाण्यानं धुऊन दोन पूर्ण दिवस तोंड उघडं ठेवून उन्हात ठेवा. प्लास्टिकचं पिंप असेल तर ते खाण्याच्या पदार्थांसाठीचंच असावं. रंगाचं किंवा रसायनाचं रिकामं पिंप कितीही धुतलं तरी धान्याला वापरू नका.

जुनी पोती, गोणपाटं पुन्हा वापरणार असाल तर तीही उकळत्या पाण्यातून काढून वाळवा. किडीची अंडी शिवणीत राहतात.

> तपासा: कोठीच्या आत हात घालून तळाच्या सांध्यावर कोरडा टिश्यू किंवा कापड दाबून फिरवा. किंचित जरी दमट लागलं तर आणखी एक ऊन द्या. गंजून बारीक भोक पडलं असेल तर ते आत्ताच डाग देऊन बुजवून घ्या.

टप्पा ४: बाजारात पोतं तपासणं

व्यापारी थाळीत जो नमुना दाखवतो तो चांगलाच असतो. आपल्याला जे पोतं मिळणार, त्यातला माल बघायला मागा. पोत्याला टोचून दाणे काढायची लोखंडी नळी प्रत्येक गाळ्यावर असते. तिनं वरून, मधून आणि तळाजवळून थोडे थोडे दाणे काढून घ्या. यात संकोच करू नका, भुसार बाजारात ही रोजची गोष्ट आहे.

काढलेले दाणे तळहातावर पसरा. भोकं, पिठूळ भुकटी, काळी टोकं, सुरकुतलेले दाणे दिसतात का? मूठ नाकाशी नेऊन वास घ्या. कोंदट वास आला तर पुढे बोलूच नका. मग दाणा दाढेखाली धरा. कट्‌कन फुटला तर वाळलेला, दबून चपटा झाला तर ओला. मूठभर दाणे पाण्याच्या पेल्यात टाकून घ्या: पोकळ दाणे तरंगतात. एखाद-दुसरा तरंगला तर ठीक, पाण्यावर थर जमला तर ते पोतं सोडा.

ओलाव्याची आणखी एक ढोबळ परीक्षा घरी करता येते. कोरड्या काचेच्या बरणीत चांगलं वाळलेलं बारीक मीठ आणि मूठ-दोन मुठी धान्य घाला, झाकण लावून काही मिनिटं हलवा आणि थोडा वेळ ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर धान्यात १५ टक्क्यांच्या वर ओल आहे. मीठ मोकळं राहिलं म्हणजे काम झालं असं मात्र नाही. साठवणुकीसाठी गहू १२ टक्क्यांच्या आत असावा लागतो, आणि ते काम ऊन करतं.

टप्पा ५: चाळा, पाखडा, मगच ऊन

काही जण आधी ऊन देतात, मग निवडतात. उलट करा. माती, काडीकचरा, फुटके दाणे यांच्यात ओल धरून राहते, आणि पिठातल्या तांबड्या किड्याला अख्खा दाणा फोडता येत नाही, तो फुटक्यांवरच जगतो. गव्हाच्या चाळणीनं चाळून, सुपानं पाखडून फूट बाहेर काढली की अर्धी वाट बंद झाली. चाळण खाली मोकळ्या जमिनीवर धरू नका, कागदावर किंवा ताटात धरा. खाली पडलेली भुकटी त्याच दिवशी घराबाहेर गेली पाहिजे.

यंत्रावर साफ केलेला गहू घेतला असला तरी एकदा घरी चाळा. गहू धुऊन वाळवायची पद्धत काही घरांत आहे. तसं करायचंच असेल तर दळायच्या आधी, पाच-दहा किलोचं करा. साठवणीचा गहू धुऊ नका, दाण्यात गेलेली ओल दोन उन्हांत निघत नाही.

टप्पा ६: ऊन

गच्चीवर चादर किंवा ताडपत्री अंथरून गहू दोन बोटांपेक्षा जाड होणार नाही असा पसरा. जाड थरात वरचा गहू तापतो आणि किडे खाली गारव्याला जातात. सकाळी दहापासून चारपर्यंत ठेवा आणि तासा-दीड तासानं हातानं किंवा दंताळ्यानं वरखाली करा. कडेला तुरुतुरु पळणारे किडे दिसले तर ते झाडून काढा, नाहीतर संध्याकाळी तेच पुन्हा गव्हात परततात.

गव्हाला, ज्वारीला दोन कडक उन्हं द्या. कोकणात आणि मुंबईत तीन. डाळींना एक पुरे, फार तापवलेली डाळ ठिसूळ होते.

> सावधान: तांदळाला ऊन देऊ नका. झटपट तापला की दाण्याला तडे जातात आणि शिजवताना कणी होते. तांदूळ घरात, पंख्याखाली, कापडावर पसरून दोन दिवस ठेवा.

मे महिन्यात दुपारनंतर वळीव येतो. तीन वाजल्यावर आभाळावर लक्ष ठेवा आणि गोळा करायला दोन माणसं हाताशी असू द्या. अर्धवट भिजलेला गहू कोरड्यात मिसळू नका. तो वेगळा वाळवून पहिल्या महिन्यात दळून टाका.

गच्ची नसेल तर? खिडकीतल्या उन्हावर दीड क्विंटल होणार नाही. पाच-पाच किलोच्या बंद पिशव्या करून आठवडाभर डीप फ्रीझरमध्ये ठेवणं हा चांगला पर्याय आहे. उणे १८ अंशांत अंडी, अळी, किडा सगळे मरतात. पिशवी बाहेर काढल्यावर ती पूर्ण खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर गार धान्यावर हवेतलं पाणी जमतं. परदेशात, जिथे मेमध्येही असं ऊन नसतं तिथे, डाळी आणि रव्यासाठी मी हेच सांगेन.

टप्पा ७: गार करणं

हा टप्पा सगळ्यात सोपा, आणि सगळ्यात जास्त वगळला जाणारा. उन्हातून उचललेला गरम गहू तसाच कोठीत ओतला की आतली वाफ झाकणाला आणि पत्र्याला लागून पाणी होते, ते पाणी वरच्या आणि कडेच्या दाण्यांत मुरतं. ऑगस्टमध्ये झाकण काढल्यावर कडेला गठ्ठे धरलेला, बुरशीचा गहू दिसतो तो यामुळेच. मग दोष एरंडेलाला मिळतो.

संध्याकाळी गहू घरात आणा, कापडावर पसरून रात्रभर तसाच राहू द्या. सकाळी ढिगाच्या मध्यभागी कोपरापर्यंत हात घाला. आत उबदार लागलं तर थांबा.

टप्पा ८: भरणं, आणि त्यात काय घालायचं

कोठी जमिनीवर टेकवू नका. लाकडी फळीवर किंवा स्टँडवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवा. स्वयंपाकघराच्या ओल्या भिंतीजवळ किंवा न्हाणीघराला लागून तर नकोच.

काठोकाठ भरा, मधेमधे कोठी हलवून दाणे बसवा. कोठीत जितकी मोकळी हवा, तितकी किड्यांना श्वासाला जागा. शंभर किलोच्या कोठीत साठ किलो गहू भरण्यापेक्षा तीस-तीसचे दोन डबे चांगले. झाकणाच्या फटीवर चिकटपट्टी लावून टाका आणि झाकणावर तारीख लिहा.

रोजच्या वापरासाठी एक महिन्याचा डबा वेगळा काढा. मोठी कोठी महिन्यातून एकदाच उघडायची, तीही कोरड्या दिवशी, दुपारी. दर चार दिवसांनी भर पावसात झाकण काढलं तर आठ दिवसांचं वाळवण वाया जातं.

आता औषधांचं.

*कडुलिंब:* पाला सावलीत कुरकुरीत वाळलेला हवा. ताजा हिरवा पाला घालणं ही फार मोठी चूक आहे, कारण त्यातलं पाणी धान्यात उतरतं. वाळलेल्या पाल्यानं कीड थोडी दूर राहते. आत असलेल्या अळीचं त्यानं काही होत नाही.

*एरंडेल:* तूरडाळ आणि अख्खी कडधान्यं यांना उत्तम. एका किलोला एक लहान चमचा, म्हणजे ५ मिली, हातानं चोळून प्रत्येक दाण्याला लागेल असं. तेलाच्या थरानं भुंग्याची अंडी जगत नाहीत. तेल लावल्यावर पुन्हा ऊन देऊ नका. शेंगदाण्याचं तेलही चालतं, पण त्याला काही महिन्यांनी खवट वास येतो.

*खडे मीठ:* पावसाळी हवेत मिठाला पाणी सुटतं. मी घालू नका म्हणेन.

*बोरिक पावडर:* तांदळाला सर्रास लावतात. ती पोटात जाण्याची वस्तू नाही. घाईच्या सकाळी तांदूळ एकदाच धुतला जाणार हे आपल्याला माहीत आहे, आणि घरात लहान मूल असेल तर हा धोका घेण्याचं कारणच नाही. पाऱ्याच्या गोळ्यांबद्दलही माझं हेच मत: पारा विषारी आहे, त्याला अन्नात जागा नाही.

> धोका: ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरातल्या धान्यात कधीही ठेवू नका. हवेतली ओल लागताच त्यातून फॉस्फिन वायू सुटतो. तो माणसाला मारतो आणि त्यावर उतारा नाही. मोठ्या गोदामात प्रशिक्षित माणसं, गोदाम बंद करून, माणसांना दूर ठेवून हे काम करतात. दुकानदार "एकच गोळी, रुमालात बांधून ठेवा" म्हणाला तरी नाही म्हणा. झोपायच्या खोलीत पोती ठेवणाऱ्यांनी तर हे पक्कं लक्षात ठेवावं.

टप्पा ९: पावसाळ्यातली तपासणी

महिन्याचा डबा भरायला कोठी उघडाल तेव्हा दोन मिनिटं जास्त द्या. आधी वास घ्या. मग धान्यात खोलवर हात घाला. एखाद्या जागी ऊब लागली तर तिथे कीड वाढते आहे, कारण किड्यांच्या आणि अळ्यांच्या श्वसनानं धान्य तापतं. हाताला पांढरी भुकटी लागणं ही दुसरी खूण. तांदळात किंवा रव्यात चार-पाच दाणे धाग्यानं जोडलेले दिसले तर ती पतंगाच्या अळीची जाळी.

टप्पा १०: कीड लागलीच तर

ऊब लागलेल्या जागेचा गहू वेगळा काढा आणि घराबाहेर चाळा, स्वयंपाकघरात नाही. बाकीचा लहान डब्यांत वाटा. उघडीप मिळाली तर ऊन द्या, नाहीतर पाच-पाच किलो करून फ्रीझरमध्ये फिरवा. श्रावणातलं अर्धं-मुर्धं ऊन देऊन गहू परत भरू नका, तो गेला त्यापेक्षा दमट होऊन परत येतो. ऑक्टोबरचं ऊन मात्र चांगलं कडक असतं. तेव्हा उरलेला सगळा गहू काढून एकदा वाळवून घ्या, म्हणजे गुढीपाडव्यापर्यंत काळजी नाही.

किडका गहू चाळून, निवडून वापरता येतो. बुरशी धरलेला गहू नाही. काळपट, हिरवट, गठ्ठे झालेले दाणे फेका. गुरांना, कोंबड्यांनाही घालू नका. काही बुरशींचं विष भाजून किंवा शिजवून जात नाही.

दळणाचंही एक सांगायचं राहतं. पावसाळ्यात आठ-दहा दिवसांचंच दळा. बाजरीचं पीठ तर आठवड्याच्या आतच कडू लागायला लागतं. गिरणीतून आलेलं पीठ गरम असतं. ते परातीत पसरून, पूर्ण गार झाल्यावर डब्यात भरा, आणि नवं पीठ जुन्यावर ओतण्याआधी डबा रिकामा करून कोरड्या फडक्यानं पुसून घ्या.